शिजवलेला आकडा

हरेश, आधीच सांगून टाकते, तुझ्यावरचा माझा संशय अजून पुरता गेलेला नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल गोडच बोलायचं असतं, हे मलाही कळतं. पण चौदा वर्षं तू माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलास. माझं गोड बोलणं ऐकून तुला आधी धडकीच भरली असती. "पोलीस पाटलीन आज साखर खाऊन आली, म्हंजे कायतरी लफडा हाय," असं म्हणाला असतास. तेव्हा नेहमीच्याच आवाजात बोलते.

ऑफिसात तुझी शोकसभा झाली. पाचव्या मजल्यावरची मोठी मिटिंग रूम, फोटोला हार, सगळं व्यवस्थित. साहेब बोलले. हरेश आमच्या कुटुंबाचा भाग होता म्हणाले. आठ वर्षांत या माणसाला तुझं गाव सीवूड्सजवळचं करावे की ठाण्याजवळचं कळवा हे लक्षात राहिलं नव्हतं. मग दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मी डोळे मिटले नाहीत. कोण खरंच रडतंय, कोण मनगटावरच्या घड्याळात मेसेज वाचतंय, सगळं बघत होते. साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला तेव्हा तो ओला होतो का, तेही बघितलं. हो, इतकी मी वाईट आहे, तुला काय नवीन? आणि त्याच दुपारी त्यांचा मेसेज आला: "रेवती, हरेशचं ते पेंडिंग काम रिजेक्टेड टाकून बंद कर ना, डॅशबोर्डवर लाल दिसतंय." म्हणे कुटुंबाचा भाग!

ते काम मी बंद केलं नाही. का केलं नाही, हे तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. तुझ्यावरच्या प्रेमापोटी, असं म्हणायला आता सोपं आहे. पण खरं सांगू? मला तुला पकडायचं होतं. तू आकडा कसा शिजवलास ते शोधून काढल्याशिवाय मला ती फाईल मिटवायची नव्हती. तुला जाऊन चार दिवस झाले होते आणि मी अजून तुझ्या मागावर होते.

आपण दिवसभर काय करतो, हे माझ्या आईला तू एकदाच समजावलंस आणि तिला ते पक्कं समजलं. मला दहा वर्षांत जमलं नव्हतं. ऐरोलीच्या आमच्या स्वयंपाकघरात तू घावन खात बसला होतास. "आई, एक मोठ्ठा कॉम्प्युटर हाय असं समजा. त्याच्या पोटात आमी वीस खोटे कॉम्प्युटर बसवलेत. ते आमचे पाहुणे. प्रत्येक पाहुण्याला वाटतं, सगळी मेमरी आपल्याच नावावर हाय. खरं तर आमी कोणाला काय दिलेलंच नसतं. त्याने मेमरीच्या एखाद्या पानाला हात लावला, की तेव्हा पळत जाऊन तेवढं पान द्यायचं."

"म्हणजे फसवताच की त्यांना!" आई म्हणाली.

"फसवतो, पन कळू देत नाय."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, हिला बरोबर नोकरी मिळाली आहे, कोणावर विश्वास ठेवायलाच नको. तू इतका हसलास की तुला ठसका लागला आणि आईने तुझ्या पाठीवर थापा मारल्या.

ते पळत जाऊन देणं, तिथेच आपली सगळी मारामारी होती. पाहुण्याने न मिळालेल्या पानाला हात लावला की फॉल्ट होतो. त्याचं काम जागच्या जागी थांबतं, कारभार आपल्या हायपरवायझरकडे, म्हणजे सगळ्या पाहुण्यांना सांभाळणाऱ्या आपल्या प्रोग्रामकडे येतो, आपण रिकामं पान शोधतो, पुसून साफ करतो, तक्त्यात नोंदवतो, मग पाहुण्याला म्हणतो, चालू दे तुझं. प्रत्येक पानाला हा सोपस्कार. सोसायटीच्या गेटवर एकाच बारशाला आलेल्या पन्नास जणांसाठी वॉचमनने पन्नास वेळा इंटरकॉम लावावा, तसं. तुझं म्हणणं साधं होतं: पहिला माणूस आला की त्याच्या मागचे पंधरा जणही त्याच घरी चाललेत, सोडून दे सगळ्यांना एकदम. एक पान मागितलं की शेजारची पंधराही त्याच फेरीत देऊन टाकायची. माझं म्हणणं, त्यातले पाच भलत्याच घरी घुसले तर? मागितलंच नव्हतं ते पान फुकट अडकून राहिलं तर? यावर आपण सहा महिने भांडलो. कँटीनमध्ये, लिफ्टमध्ये, एकदा तर साहेबांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत बसून. शेजारच्या बाईंना वाटलं आपलं नवरा-बायकोचं भांडण चाललंय.

पण तुझा पॅच, म्हणजे या बदलाचा कोड, आला तेव्हा मला खटकला तो त्यातला विचार नव्हे. तू नियम मोडलास, ते खटकलं. लिहिणाऱ्याने मोजायचं नाही, हा नियम आपण दोघांनी पहिल्याच वर्षी घातला होता. स्वतःच्या कोडचा आकडा प्रत्येकाला देखणाच दिसतो, म्हणून तू लिहायचं, मी मोजायचं. चौदा वर्षं आपण तो पाळला. आणि या वेळी तू मला न विचारता, मागच्या लॅबमधलं जुनं मशीन घेऊन, स्वतःच मोजून मोकळा झालास. आकडा काय, तर फॉल्टचा वेळ निम्म्याहून खाली! मी माझ्या मशीनवर, माझ्या मोजायच्या स्क्रिप्टने तोच पॅच चालवला. फरक शून्य. तीनदा चालवला, तिन्ही वेळा शून्य.

मग मला सगळंच दिसायला लागलं. एकदा डोक्यात शिरलं की मी सोडते का? तू लवकर निघायला लागला होतास. मी वहीच्या मागच्या पानावर तारखा-वेळा लिहून ठेवायला लागले. चारला गेला. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला. मग साडेपाचला. मग दहा-बारा दिवस काही नाही, आणि परत चार. वार कुठलाच जुळेना. मी ठरवूनच टाकलं की दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू चालू आहेत आणि जाता जाता इथे एक मोठा आकडा नावावर लावून घ्यायचाय. फोन वाजला की तू उठून पॅसेजमध्ये जायचास. त्याच आठवड्यात तू मला डबाभर चिंबोऱ्या आणून दिल्यास, तर त्याही मी संशयाने खाल्ल्या. रिव्ह्यू तोंडावर आलाय म्हणून खेकडे चारतोय, असं आईला म्हणाले. आईने डबा माझ्यापुढून ओढून घेतला, म्हणाली, मग तू खाऊ नकोस.

आणि ती मिटिंग. अकरा जण होते. तू तुझा तक्ता पडद्यावर लावलास. मी म्हटलं, "हा आकडा शिजवलेला आहे."

असं नको होतं म्हणायला. पुन्हा तपासू या म्हणता आलं असतं, जुळत नाहीये म्हणता आलं असतं. पण मी तेच म्हणाले आणि वर म्हणाले, "चौदा वर्षांत हे पहिल्यांदा केलंस की आधीपण करायचास?" कोणीतरी पाण्याची बाटली ठेवली तो आवाज मला आठवतो. तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता भांडशील. लिफ्टमध्ये भांडायचास तसा हात नाचवत भांडशील. तू लॅपटॉपची वायर काढलीस आणि म्हणालास, "बघ परत एकदा. पहिल्यापासून बघ." एवढंच. गप्प बसला म्हणजे चोर आहे, असं मी मनात म्हटलं. त्यानंतर आपण बोललो ते फक्त "चार्जर दे" आणि "एसी कमी कर". नऊ दिवस. दहाव्या सकाळी तुझ्या भावाचा फोन आला, झोपेतून उठलाच नाही म्हणून.

तुझ्या दहाव्याच्या विधीला मी करावेला आले. इतकी वर्षं सीवूड्सला मॉलमध्ये येत होते, तुझं गाव त्याच्या मागे एवढ्यावर आहे आणि मी कधी आत वळले नव्हते. जेट्टीवर माणसं बसली होती. तुझे बाबा एका उलट्या घातलेल्या होडीला टेकून बसले होते. मी ऑफिसातली म्हटल्यावर त्यांनी हात जोडले, आणि म्हणाले, "तुमी लोकांनी लय सांभालून घेतला पोराला. भरतीच्या टायमाला सोडायचेत."

"कसली भरती?"

"माझ्या डोल्यांना आता दिसत नाय नीट. भरतीला खाडीत शिरायचा त पोरगा यायचा होडी धराला. मी फोन लावायचो, पानी चढतंय, ये." मग माझं तोंड बघून त्यांना वाटलं असावं की मला कळलं नाही. "भरती काय घड्याल बघून येते व्हय? रोज थोडी पुढं सरकते."

चार, पावणेपाच, साडेपाच. हरेश, मी आकड्यांवर जगणारी बाई! खाडीच्या काठावर तीस वर्षं राहते! माझ्या वहीत तो तक्ता समोर लिहिलेला होता आणि मला त्यात इंटरव्ह्यू दिसले. तिथे बाबांच्या समोर मला रडू आलं नाही. कारण दुसरा विचार लगेच आला: ही गोष्ट मी इतकी चुकीची वाचली असेल तर दुसरी?

शनिवारी सकाळी ऑफिसात गेले. मजल्यावर कोणी नव्हतं. टीमच्या सर्व्हरवरचं तुझं फोल्डर उघडलं. पॅच होता, आकडे होते, आणि माझी स्क्रिप्ट होती. माझीच, वर माझं नाव असलेली. म्हणजे तू मोजलं होतंस ते माझ्याच मापाने! मी दोन्ही स्क्रिप्ट शेजारी लावल्या. दोनशे ओळी सारख्या होत्या. तुझ्यात एक ओळ जास्त होती. पहिल्या फेरीनंतर पाहुण्याला बंद करून नव्याने सुरू करण्याची ओळ.

तुला सांगायला नको, तरी सांगते, कारण मला ते तोंडाने म्हणायचंय. आपल्याकडे पहिल्या फेरीचा आकडा टाकून द्यायची पद्धत आहे. आई पहिला घावन बाजूला काढते तसा, तवा नीट तापलेला नसतो म्हणून. पहिली फेरी नुसती तापवायला, मोजायची दुसरी. पण मधे पाहुण्याला बंद करून उठवायचा असतो, म्हणजे खालचं मशीन तापलेलं राहतं आणि पाहुण्याची पाटी कोरी होते. ती ओळ माझ्या स्क्रिप्टमध्ये होती. चार वर्षांपूर्वी एका रिलीजच्या घाईत मीच काढली. बंद-चालू करण्यात फार वेळ जायचा. नंतर परत टाकेन म्हटलं होतं. नाही टाकली. मग पहिल्या फेरीतच पाहुण्याला सगळी पानं मिळून जायची, आणि दुसऱ्या फेरीत त्याला काही मागायची गरजच उरायची नाही. चार वर्षं मी फॉल्टचा खर्च मोजत होते, आणि मोजायच्या वेळी फॉल्ट होतच नव्हते! तुझा पॅच काय, कोणाचाही पॅच माझ्या मशीनवर शून्यच दाखवणार होता. त्या चार वर्षांत मी किती जणांना 'फरक नाही' म्हणून परत पाठवलंय, ते मोजायला घेतलं आणि मधेच सोडलं.

ती ओळ परत टाकली आणि नियमाप्रमाणे मोजलं. तू लिहिलेलं, मी मोजलं. तुझा आकडा आला. जसाच्या तसा.

फाईलची तारीख बघितली. मिटिंगच्या आधीची होती. म्हणजे मी तुला सगळ्यांसमोर लबाड म्हटलं तेव्हा तुला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतंस, "रेवती, तुझ्या स्क्रिप्टमधली ओळ कुठे गेली?" अकरा जणांसमोर माझी चार वर्षं तिथेच खलास. तू वायर काढलीस आणि गप्प बसलास.

कोणी सांगितलं होतं रे तुला एवढं मोठं मन दाखवायला? मला राग आला, खरंच आला. त्या रिकाम्या मजल्यावर मी तुझ्या खुर्चीला लाथ मारली. मला मिटिंगमध्ये नाही तर नंतर सांगायचंस, चहाला सांगायचंस, त्या चिंबोऱ्यांच्या डब्यात चिठ्ठी घालायचीस. नऊ दिवस शेजारी बसून चार्जर देत राहिलास! आणि लगेच माझं डोकं दुसरीकडे धावलं. हे मन मोठं होतं की कीव होती? या बाईला खरं सोसणार नाही, असं वाटलं का तुला? की मी आपणहून खड्ड्यात पडायची वाट बघत होतास? बघ, तुझा निर्दोषपणा हातात आला तरी मी तो उलटसुलट करून बघत होते.

आणि तुझं सगळंच बरोबर होतं असं समजू नकोस. त्याच दुपारी मी एका मशीनवर चाळीस छोटे पाहुणे बसवले आणि तुझा पॅच चालवला. मेमरी फस्त झाली. तुझे ते न बोलावलेले शेजारी पंधरा-पंधरा जण घुसून बसले आणि खऱ्या मागणाऱ्याला जागा उरली नाही. मी म्हटलंच होतं! खुर्ची वळवून तुझ्याकडे बघितलं मी, सांगायला. इतक्या दिवसांत तेव्हा पहिल्यांदा रडले.

सोमवारी त्याच खोलीत तेच लोक होते, तू सोडून. साहेबांनी विचारलं, ते बंद केलं का? मी उभी राहिले. म्हटलं, हरेशचा आकडा खरा आहे. माझं माप खोटं होतं, चार वर्षं खोटं होतं, आणि ते त्याला माहीत होतं. ती ओळ पडद्यावर दाखवली. साहेब म्हणाले, "रेवती, आपण हे ऑफलाईन घेऊ या." मी म्हटलं, नाही, त्याला मी इथे बोलले होते, तर हे पण इथेच घ्या. माझा आवाज फाटला, फाटू दे. आता चार वर्षांची मोजणी परत करायची आहे आणि ती माझ्याकडे ठेवायची की नाही, हे वरचे ठरवतायत. साहेब माझ्याशी फार गोड वागतात, म्हणजे काय ते मला कळतं.

पण मिटिंगमध्ये सांगून माझं पुरं झालं नव्हतं. दहाव्याला दर्शनाने, तुझ्या बायकोने, मला दारात धरून विचारलं होतं, "ताई, हपिसात ह्याच्यावर काय डाग नाय ना?" तेव्हा मी "छे छे" म्हणाले आणि चपला घातल्या. म्हणून काल परत गेले. "आज जेवूनच जा," म्हणाली. बाबा आत झोपले होते. मी तिला सगळं सांगितलं, मी काय म्हणाले होते ते शब्दाला शब्द, आणि तो खरा होता हेही. तिने ऐकून घेतलं. पदराने हात पुसत राहिली.

"मला म्हाईत हाय," म्हणाली. "त्यानं सांगितलेलं. दोन दिस धड जेवला नाय. ताट तसंच ठेवायचा."

मग तीच पुढे म्हणाली,

"मी बोलले त्याला, तू सांग ना तिला सरल. त बोलला, मी सांगितलं त तिला पटाचं नाय, तिचं तिलाच गावू दे. आठ दिस लागतील तिला, बोलला. जास्त नाय."

मला वीस लागले, हरेश. त्यातले नऊच तुझे होते.

तू दोन दिवस जेवला नाहीस, हे मला ऐकल्याबरोबर पटलं. त्या आठ दिवसांचं मात्र पटेना. माझं तोंड बघून हिने आत्ता रचलं असेल, असं वाटलं. दुखवट्याच्या घरात माणसं एकमेकांना असं काहीबाही देतात. कधी म्हणाला, कुठे बसून म्हणाला, आठच म्हणाला का, सगळे प्रश्न जिभेवर येऊन बसले. एक प्रश्न विचारला असता तरी खरं-खोटं मला कळलं असतं.

दर्शना आत गेली आणि ताट घेऊन आली. मी काही विचारलं नाही. तिने वाढलं तेवढं सगळं जेवले.